तिसरं कडवं

गुजरी बाजारात मेथीच्या जुड्या निवडता निवडता धम्मशीला मान वर न करता म्हणाली, "शनिवारी या शिबाताई. पण गाणं नका म्हनू." अलीशिबाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मागून कांद्याचा हातगाडा रेटत एक माणूस "बाजू, बाजू" करत होता आणि पलीकडं कुणीतरी भावावरून हुज्जत घालत होतं. "काय म्हणलीस?" तिनं विचारलं. "गाणं नका म्हनू तुमी." "अगं, पण पाळकसाहेबांनी मला..." "तुमची गाणी लय लवकर बरी होतात," धम्मशीला म्हणाली, आणि त्याच आवाजात मेथीवालीला, "मावशी, ही पिवळी पानं कोन खाणार? दुसरी द्या." त्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मेथी पिवळी आहे तसं गाणं लवकर बरं होतं, इतकंच. तिनं जुडी पिशवीत घातली, "येते," म्हणाली आणि गर्दीत शिरली. अलीशिबा रिकामा थैला धरून उभीच राहिली. "तुमाला किती देऊ बाई?" मेथीवाली विचारत होती. तिला मेथी नको होती. तरी तिनं दोन जुड्या घेतल्या.

महिन्यापूर्वी धम्मशीलाचा मुलगा गेला होता, आणि शनिवारी त्याच्या आठवणीची प्रार्थना होती. अनुग्रह त्याचं नाव, घरात आणि चर्चच्या मंडळीत सगळे अन्नू म्हणायचे. दुसरीत होता. ताप आला, तो डोक्यात चढला, आणि नांदेडला नेलं तेव्हा डॉक्टरांनी फक्त मान हलवली. दफनाच्या वेळी गाणं अलीशिबानंच म्हटलं होतं. परभणीच्या त्या लहानशा मंडळीत लग्न असो, बाप्तिस्मा असो की माती असो, गाणं अलीशिबाचं, हे ठरलेलंच होतं. ती रचायची, चाल लावायची, पेटी घेऊन बसायची आणि म्हणायची. मानवत, पाथरी, जिंतूरच्या मंडळ्यांतूनही तिची गाणी लोकांना पाठ होती. पुष्कळांना ती कुणाची आहेत हेही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कबरीपाशी तिनं म्हटलं ते गाणं अन्नूसाठी रचलेलं नव्हतं. ते तयार होतं. फार वर्षांपूर्वी पाथरीकडच्या एका लेकरासाठी केलेलं. 'निजला निजला चिमणा गडी, मातीची ही शाल गं.' नंतर दुसरं कडवं आईच्या हाकेचं. आणि मग चाल चढत जायची, ढोलकीचा ठेका दुप्पट व्हायचा, आणि सगळी मंडळी एका आवाजात, 'उठंल उठंल चिमणा गडी, उजळंल सकाळ गं.' आता बाजारातून पोस्टाकडं चालताना तिला आठवलं. धम्मशीलाच्या मुठीत तेव्हा माती होती. टाकायची म्हणून घेतलेली, न टाकलेली. माती अजून तिच्या मुठीत होती, आणि गाणं उठून उभं राहिलं होतं.

पोस्टात काउंटरवर बसल्यावर तिचा हात आपोआप चालू लागला. स्पीड पोस्ट, रजिस्टर, ठप्पा. वर्षानुवर्षं तिला ओळी इथंच सुचत आल्या होत्या. ठप्प्याला एक लय असते. शाईच्या पॅडवर एकदा, कागदावर एकदा, आणि मधल्या मोकळ्या जागेत शब्द येऊन बसतात. आज त्या जागेत एकच वाक्य येऊन बसत होतं. लय लवकर बरी होतात. लय लवकर. तिला राग आला. धम्मशीलाला काय कळतं गाण्यातलं? ती आपल्यात लग्न करून आलेली, माहेर बौद्धांचं. तिकडं मेलेलं माणूस उठत नाही, तिकडची गाणी वेगळी. हा विचार आला तसा तिला आपलाच वीट आला. दहा वर्षं ती पोरगी मंडळीत सतरंज्या अंथरते, सणाला कढईपाशी उभी असते, आणि आपल्याला आत्ता तिचं माहेर आठवलं. "मॅडम, पावती," काचेपलीकडचा माणूस दुसऱ्यांदा म्हणाला. तिनं पावती दिली. लवकर बरी होणारी गाणी. म्हणजे तापच आलेला नसतो, नुसतं कपाळ गरम असतं, असंच ना?

तिला हे शिकवलं होतं बापानं. शांतवन त्यांचं नाव. मिशनच्या काळातले जुने प्रचारक. सायकलच्या दांडीला ढोलकी बांधून गावाबाहेरच्या वस्त्यांवर जायचे. अक्षरशत्रू माणसांना प्रवचन कळत नाही, गाणं कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. चाली भजनी मंडळांच्या, गोंधळ्यांच्या, बँडवाल्यांच्यासुद्धा. "चाल कुणाच्या बापाची नसते," ते म्हणायचे. पण शब्दांचा कायदा त्यांचा स्वतःचा होता. पहिल्या कडव्यात माणूस पडला पाहिजे. दुसऱ्या कडव्यात त्यानं हाक मारली पाहिजे. तिसऱ्यात प्रभू आला पाहिजे. "ऐकनारा लांबून चालत आलेला असतोय शिबा. त्याला खड्ड्यात सोडून आपण घरी यायचं न्हाई." ती लहानपणी ढोलकीशेजारी खंजिरी घेऊन बसायची तेव्हा तिला दिसायचं ते. पहिल्या दोन कडव्यांना खाली गेलेल्या माना तिसऱ्याला कशा वर येतात. बायका पदरानं डोळे पुसून हसायच्या. कंदिलाच्या उजेडात ती तोंडं उमलल्यासारखी दिसायची. ते खोटं होतं असं तिला कधीही वाटलं नव्हतं. आजही वाटत नव्हतं. अडचण तिथंच होती. तिचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा वॉर्डाच्या खिडकीशी एका पहाटे कुणीतरी आपल्या उशाशी बसलंय हे तिला इतकं स्पष्ट जाणवलं होतं की तिनं सरकून जागा दिली होती. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यानंतरच्या प्रत्येक तिसऱ्या कडव्याखाली ती पहाट होती. विश्वास खोटा असता तर तिनं गाणं टाकून दिलं असतं. तो खरा होता, म्हणून तिला सुटका नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोस्ट सुटल्यावर ती चर्चमध्ये गेली. पाळक चंद्रभान स्टुलावर चढून माईकची वायर जोडत होते. "सलाम शिबाताई. बरं झालं आलात. शनिवारी मानवतची मंडळी येनार हाय, पाथरीची येनार हाय. तुमचं गाणं झालं की मी वचन वाचतो." तिनं सांगितलं, मी गाणार नाही. त्यांनी चिकटपट्टी दातानं तोडली आणि तिच्याकडं बघितलं. "आवाज बसला का?" "नाही. धम्मशीलानं नको म्हटलंय." "ती दुःखात हाय. दुःखातलं मानूस जेवन बी नको म्हनतंय. म्हनून आपन ताट वाढायचं सोडतो का?" हे बोलणं बरोबर होतं, म्हणूनच ते तिला बोचलं. "साहेब, आपल्या गाण्यात रडायला जागाच नाही. रडू येतं तोवर आपण सकाळ करून टाकतो." चंद्रभान स्टुलावरून उतरले. "रडगानं जगाकडं पोत्यानं हाय, ताई. त्याच्यासाठी लोक आपल्याकडं कशाला येतील?" मग थोडं थांबून, वायर हाताला गुंडाळत म्हणाले, "त्या लेकराला खाली ठेवताना माझे हात होते. मी मेलेल्यांच्या घरी जायलोय वीस वर्षं. माझ्याकडं सांगायला एवढी एकच गोष्ट हाय. तीच तुमी काढून घ्यायला लागलात तर मी काय घेऊन जाऊ?" भांडायला आलेल्या माणसाला समोरचा चांगला निघाला की होतं तसं झालं. राग उरला, पण ठेवायला जागा राहिली नाही. परत येताना तिनं स्वतःशी ठरवलं. गाणं सोडायचं नाही. दुसरं करायचं. तिसरं कडवं नसलेलं. धम्मशीलाला हवं ते.

एवढं सोपं काम तिला कधी इतकं जड गेलं नव्हतं. सकाळी उठून ती पेटीवर बसली. पहिलं कडवं आलं, दुसरं आलं. धम्मशीलाच्या घरावरून जाताना अंगणात पडलेली अन्नूची सायकल तिनं पाहिली होती, ती ओळीत बसली. 'अंगनामधी सायकल आडवी, कोन उभी करील गं. हाका मारता मारता माझी जीभ सुकून जाईल गं.' चांगलं होतं. तिला ठाऊक होतं की चांगलं होतं. पण दुसरं कडवं संपलं की बोटं आपोआप वरच्या पट्टीत सरकायची. तिनं हात उचलला तरी कानात चाल वर जातच राहायची आणि शब्द, कुणी न बोलावता, दाराशी येऊन उभे. पहाट, दार, पाऊल, उजेड. तिनं चाल बदलली. खालच्या सुरात संपेल अशी बांधली. तर शब्द खालच्या सुरातच बरे व्हायला लागले. शांत हो माये, वगैरे. तिनं भाता सोडून दिला, तो सुस्कारा टाकून बसला. मनात आलं, मी गाणी करते की एकच गाणं पुन्हा पुन्हा करते? माणसं बदलतात, मरणं बदलतात, गावं बदलतात, आणि शेवटी सगळ्यांना मी एकाच फाटकातून बाहेर काढते. हे विश्वासामुळं झालं की सवयीमुळं, हेही आता तिला सांगता येईना. ज्याला खात्री आहे की शेवट चांगलाच आहे, त्यानं मधलं दुःख लिहावं तरी कसं? तो लिहितानाही घड्याळाकडं बघत असतो. आणि ज्याला खात्री नाही, त्यानं मंडळीत पेटी घेऊन बसावं कशाला?

आई शेजारच्या खोलीत टीव्ही बघत होती. कस्तुराबाईंना आता फारसं ऐकू येत नसे, म्हणून त्या मालिका आवाज बंद करूनच बघत आणि कोण कुणाचा दुस्वास करतंय ते बरोबर ओळखत. अलीशिबा त्यांच्या कानाशी जाऊन बसली आणि दोन्ही कडवी मोठ्यानं म्हटली. कस्तुराबाईंनी पडद्यावरची नजर न काढता ऐकली. "मग?" त्या म्हणाल्या. "मग काही नाही. एवढंच." "असं कसं?" "तिसरं नाही करायचं, आई." पडद्यावर एक बाई दुसरीच्या थोबाडीत मारत होती. "शमुवेलचं गानं आठवतं का तुला?" त्यांनी विचारलं.

आठवत नाही असं कसं होईल? शमुवेल तिचा थोरला भाऊ. क्लॅरिनेट असा वाजवायचा की बाप डोळे मिटून ऐकायचे. मग एके दिवशी मानवतच्या एका वरातीत तो बँडबरोबर सिनेमाची गाणी वाजवताना बापाच्या ओळखीच्या माणसाला दिसला. घरी आल्यावर बापानं त्याला उभं केलं. "हा श्वास प्रभूनं दिलेला हाय. तू तो दारुड्यांच्या म्होरं फुकायला लागलास?" शमुवेल म्हणाला, "बाबा, चाल कुणाच्या बापाची नसते." थोबाडीत बसली. दुसऱ्या दिवशी तो गेला, क्लॅरिनेट घेऊन. कुणी म्हणालं पुण्यात आहे, कुणी म्हणालं स्वारगेटजवळच्या एका बँडात वाजवतो. बापानं अन्नपाणी सोडलं नाही, ते रडलेही नाहीत. त्यांनी गाणं केलं. बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीवरचं, घर सोडून गेलेल्या धाकट्या लेकाचं. त्यांच्या सगळ्या गाण्यांत ते श्रेष्ठ होतं. अलीशिबालासुद्धा तसं वाटायचं. तिसऱ्या कडव्यात म्हातारा बाप लांबून लेकाला बघतो आणि धावत सुटतो, 'धावला गं बाप धावला, चप्पल राहिली दारी.' त्या ओळीला गावंच्या गावं रडायची. शमुवेल मात्र आला नाही. बाप गेले तेव्हाही आला नाही, कारण त्याला कळवायचं कुठं हे कुणालाच माहीत नव्हतं.

"गान्यात लय पळायचा तुझा बाप," कस्तुराबाई म्हणाल्या. "एस्टी स्टँडापोतर काई पळला न्हाई. मी म्हनायची, आवो जावा की, पुन्याला जाऊन बगा की एकदा. तर म्हनायचा, येतो बग, मला दिसायलाय तो येताना. गान्यात रोज आनायचा त्याला. मग खराखुरा आनायची गरजच उरली न्हाई." त्यांच्या आवाजात जुनी झालेली चीड होती, वापरून वापरून बोथट झालेली. अलीशिबाला बापाची बाजू घ्यावीशी वाटली. ते ढोंगी नव्हते, त्यांना खरंच दिसत होता तो. पण तेच तर आई म्हणत होती. "मग हे गाणं बरंय का, दोन कडव्यांचं?" तिनं आईच्या कानाशी ओरडून विचारलं. प्रश्न तोंडातून निघाल्यावर तिला त्याची लाज वाटली. कस्तुराबाई म्हणाल्या, "मला नीट ऐकू न्हाई आलं बाई," आणि पुन्हा पडद्याकडं वळल्या.

शुक्रवारी दुपारी अर्धी रजा टाकून ती धम्मशीलाकडं गेली. सायकल अंगणात तशीच आडवी होती. धम्मशीला पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा नवरा कामावर गेलेला. पाणी दिलं, गप्पा नव्हत्याच. अलीशिबानं घसा खाकरला आणि म्हणाली, "मी वेगळं केलंय गं. तुझं बोलणं माझ्या मनाला लागलं. ऐकतेस का? नुसतं हळू म्हणते." धम्मशीलाचे हात घडी घालतच राहिले. अलीशिबानं म्हटलं. पेटीविना, खालच्या सुरात. दुसरं कडवं संपलं, आणि ती थांबली, आणि त्या थांबण्यात तिला एक बारीकसा आनंद झाला, उंच जागेवरून न पडता उतरल्यासारखा. धम्मशीलाच्या हातात शर्ट होता, मोठ्या माणसाचा. तिनं त्याची बाही दुमडली. "चांगलं हाय," ती म्हणाली. "तिसरं कडवं नाहीये त्याला," अलीशिबा म्हणाली, जणू ते तिच्या ध्यानात आलं नसेल.

"ताई," धम्मशीला म्हणाली, "मी चांगलं गाणं करा म्हनलं नव्हतं. म्हनू नका म्हनलं होतं."

अलीशिबा काहीतरी म्हणणार होती, तुझ्यासाठीच, माझा हेतू, असलं काही. धम्मशीलानं शर्ट घडी करून ढिगावर ठेवला आणि दुसरा घेतला. "सायकल आडवी पडलीय ते तुमी बघितलं. येता जाता बघितलं. मग उभी करावी वाटली न्हाई का?" तीही तक्रार नव्हती. ती खरंच विचारत होती. तिला स्वतःला त्या सायकलीला हात लावता येत नव्हता आणि नवऱ्यालाही येत नव्हता, हे अलीशिबाला नंतर कळलं. त्या क्षणी तिला फक्त एवढंच कळलं की इतके दिवस पेटीवर बसून आपण काय करत होतो. बाहेर येऊन तिनं सायकल उचलली. स्टँड मोडलेला होता. उभी केली की पुन्हा कलायची. तिनं ती भिंतीला टेकवली, ती घसरली, पुन्हा टेकवली. शेवटी पुढचं चाक वळवून कोपऱ्यात अडकवलं तेव्हा राहिली. हाताला गंज आणि वंगण लागलं होतं. रस्त्यानं जाताना तिला संताप येत होता, आणि तो कुणावर आहे ते नेमकं सांगता येत नव्हतं. धम्मशीलावर, बापावर, त्या ओळीवर. सायकलीची ओळ अजूनही चांगली होती, हे तिला सर्वांत जास्त खुपत होतं.

शनिवारी संध्याकाळी धम्मशीलाच्या गल्लीत मांडव घातला होता. मानवतची माणसं जीपनं आली, पाथरीची एसटीनं. पाळकांनी प्रार्थना केली आणि म्हणाले, "आता शिबाताई." ती बायकांत बसली होती. बसल्या जागेवरून म्हणाली, "आज मी म्हणणार नाही." माना वळल्या. चंद्रभान क्षणभर गोंधळले, मग त्यांनी कीबोर्डवाल्या तरुण पोरांकडं बघून खूण केली. पोरांना काय येत असणार? त्यांनी तिचंच गाणं धरलं. 'निजला निजला चिमणा गडी.' तिच्या तोंडून न निघालेलं तिचं गाणं तिच्यासमोर चालू लागलं, कीबोर्डवर, तिनं न बसवलेल्या ठेक्यावर. पाथरीच्या बायका टाळ्या धरायला लागल्या. अलीशिबाला वाटलं, आपण गप्प बसून आपली सुटका केली, तिची कुठं केली? धम्मशीला पुढं बसली होती, अन्नूच्या फोटोकडं तोंड करून, पाठ ताठ. दुसरं कडवं संपत आलं. मांडवातली माणसं नेहमीसारखी मान वर करायला लागली, घास घ्यायला तोंड उघडतात तशी. आणि अलीशिबा उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. ती पोरांपर्यंत गेली आणि कीबोर्डवर हात ठेवला. वेडावाकडा मोठा आवाज झाला. "तिसरं म्हणू नका."

मग जे झालं ते शांतता नव्हती. नुसता खोळंबा होता. कुणी खोकलं, कुणाचा मोबाइल वाजला, मागं एक बाई दुसरीला म्हणाली, "काय झालं हिला?" ज्यांनी श्वास भरून घेतला होता त्यांनी तो सोडला. धम्मशीलानं वळून बघितलंही नाही. अलीशिबाला आता काहीतरी बोलायला हवं होतं, का थांबवलं ते सांगायला हवं होतं, पण ती परत बायकांत जाऊन बसली. चंद्रभानांनी घाईनं वचन वाचलं, प्रार्थना केली, आमेन झालं. चहाच्या वेळी पाथरीच्या ओळखीच्या बायका तिच्याशी नेहमीपेक्षा जास्त प्रेमानं बोलल्या, आजारी माणसाशी बोलतात तसं. चंद्रभान कप घेऊन तिच्यापाशी आले. "तुमी आज लोकांना उपाशी परत धाडलं ताई." "ठाऊकय मला," ती म्हणाली. "तुमचा विश्वास..." "जागेवर हाय," ती एकदम त्यांच्याच बोलीत म्हणाली, तिच्या बापाच्या बोलीत. "तेच तर बेजार करायलंय." चंद्रभानांनी चहा संपवला. त्यांना ते कळलं असावं, किंवा नसावं. मांडव सोडणारे दोर सोडायला लागले तेव्हा ती निघाली. धम्मशीलानं तिला दारात गाठलं. आभार नाही, काही नाही. "सोमवारी रजा मिळंल का तुमाला?" "का गं?" "अन्नूच्या शाळेत जायचंय. वर्गाच्या बाई दोनदा फोन करायल्यात. त्याचं दप्तर तिथंच हाय. ताप आला तवा तसंच गाडीवर बसवून आनलं होतं त्याला." ती उंबऱ्याकडं बघत होती. "ह्यांना जमायचं न्हाई म्हनतेत." "येते," अलीशिबा म्हणाली.

सोमवारी दोघी रिक्षानं गेल्या. वर्गांतून पाढे चालू होते, एकापाठोपाठ एक, भिंतीतून आल्यासारखे. फाटकाशी धम्मशीला थांबली. तिनं फाटकाची सळई धरली, आणि तिचा हात तिथून सुटेना. "तुमी जा. मी हाय हितं." अलीशिबा आत गेली. वर्गशिक्षिका तरुण होत्या. त्यांनी कपाटातून दप्तर काढून दिलं, निळं, एका पट्ट्याला दोऱ्याचे टाके घातलेलं. त्या म्हणायला लागल्या, "देवाला सुद्धा चांगलीच मुलं...", आणि अलीशिबा म्हणाली, "बाई, सही कुठं करू?" बाहेर येताना दप्तर तिला वाटलं होतं त्यापेक्षा जड लागलं. आत काहीतरी हललं आणि एक वास आला, बंद, आंबट. रिक्षात तिनं ते मांडीवर घेतलं. वास वाढला. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा बघितलं आणि काही न बोलता दोन्ही बाजूंचे पडदे वर गुंडाळले. धम्मशीला बाहेर बघत होती. उड्डाणपूल आला, बसस्टँड गेलं. "डबा हाय का त्यात?" तिनं विचारलं. "हाय." "उघडला का तुमी?" "न्हाई." "नका उघडू. पोळी आन् गूळ होता. मी धुते घरी गेल्यावर." थोड्या वेळानं तिनं हात लांब करून दप्तराचा एक पट्टा धरला, आणि घर येईपर्यंत तसाच धरून ठेवला. दुसरा अलीशिबाच्या हातात होता. दाराशी धम्मशीलानं दप्तर घेतलं, आत गेली, आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून नळाचा आवाज आला, भांडं घासल्याचा आवाज आला. अलीशिबा तो आवाज थांबेपर्यंत अंगणात उभी राहिली. मग घरी आली.

मोरीत हात धुताना तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपल्या मनात एकही ओळ आली नाही. फाटकाशी नाही, वर्गात नाही, रिक्षात इतका वेळ मांडीवर दप्तर घेऊन बसलो तेव्हाही नाही. आठवत होतं तेव्हापासून असा एक दिवस तिला गेला नव्हता. हे तिच्या लक्षात आलं, आणि आल्याबरोबर ओळ आली. पुरी, मोजून मापून, चालीसकट. तिनं नळ मोठा सोडला.